मांडवातली फायनल

अर्जेंटिना विश्वचषकाच्या फायनलला पोचली त्या गुरुवारी संध्याकाळी सुरुजमती मॅडम शेजारच्या दोरसामी नायडूंच्या पडवीत गेल्या, त्या फक्त नवऱ्याला जेवायला बोलवायला. डाळ निवत होती आणि हरीलाल 'हा आलोच' म्हणून गेले होते. दूर बेटावरच्या यलालेवू वस्तीत 'हा आलोच' म्हणून ग्रॉग प्यायला गेलेला पुरुष परत आणणं हे बायकोचंच काम. पोलिसांचा उपयोग नसतो, कारण हवालदार आपिसाई तिथेच बसलेले असतात.

पडवीत ग्रॉगच्या, म्हणजे मुळ्या कुटून कालवलेल्या त्या मातकट, सुस्तावणाऱ्या पेयाच्या, लाकडी परातीभोवती मंडळी मांडी घालून बसली होती. नारळाची वाटी हातोहात फिरत होती, आणि ज्याच्या तोंडाला वाटी तो सोडून बाकीचे सगळे एकाच वेळी बोलत होते. मध्यभागी यजमान नायडू. व्यवसायानं विमा एजंट, पण तरुणपणी ते बा गावच्या संघाकडून एकदा, अगदी शेवटी शेवटी, मैदानात उतरले होते. तेवढ्या वेळात चेंडू त्यांच्याकडे आला नव्हता. त्यामुळे त्यांच्या हातून चूकही झाली नव्हती. या निष्कलंक कारकिर्दीच्या जोरावर फुटबॉलमधला शेवटचा शब्द गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे होता.

"जर्मनी म्हणजे साखर कारखाना," नायडू सांगत होते. "इकडून ऊस घाला, तिकडून गोल बाहेर. ब्राझीलचा काल पार चोथा केला. तुमचा मेस्सी म्हणजे एकटा माणूस. एकटा माणूस कारखाना थांबवतो का?"

"मेस्सीला अडवायला ते दोघंतिघं ठेवणार," दारातून सुरुजमती म्हणाल्या. "मग बाकीचे मोकळे. प्रश्न मेस्सीचा नाहीच. प्रश्न आहे मोकळ्या राहिलेल्या हिग्वाइनचा. समोर नुसता गोलकीपर दिसला की तो गडबडतो."

पडवीतल्या माना दाराकडे वळल्या. पूजेच्या मध्यात कोणी जोरात शिंकावं आणि सगळ्यांनी वळून पाहावं, तशा.

"वहिनी," नायडू गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही शाळेत पोरींना केक शिकवता, ते झकास शिकवता. पण अंडी फेटून गोल होत नाहीत हो."

पडवी हसली. आपिसाई हसले, दोन बसड्रायव्हर हसले, नायडूंचा कुत्रासुद्धा उठून शेपूट हलवायला लागला. आणि हरीलाल हसले. ते नंतर शपथेवर सांगत राहिले की मी हसलो नाही, तोंडात ग्रॉग होता, तो ठसक्यानं बाहेर आला. पण बायकोच्या दरबारात ठसका आणि हसू यांना शिक्षा एकच.

सुरुजमती मॅडम लहानपणापासून वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून गोविंद पार्क मैदानावरच्या मॅचेस बघत आल्या होत्या. त्यांना हे हसू नवं नव्हतं. मात्र आजवर त्या हसणाऱ्यांत त्यांचा नवरा नव्हता.

"सोमवारी फायनल माझ्या घरी," त्या म्हणाल्या. "सगळ्या बायका येतील. बोलतील फक्त बायका. पुरुषांना यायचं असेल तर यावं, कोपऱ्यात बसून ऐकावं. आणि अहो, डाळ गार झालीय. ती आता गारच जेवा."

बोलून तर बसल्या. घरी येऊन टीव्हीकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण अख्ख्या गल्लीला ज्या पडद्यासमोर बोलावलंय तो रोट्यांच्या डब्यापेक्षा थोडासाच मोठा आहे.

आपिसाईंची बायको लितिया तोवर कुंपणापाशी आलीच होती. यलालेवूत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. "दीदी, मी येणार. माझ्या दोघी बहिणी येणार. चर्चच्या बायकांनाही सांगितलंय."

"चर्चच्या किती?"

"सगळ्याच," लितिया म्हणाली. "एकीला सांगून दुसरीला न सांगणं बरं दिसत नाही."

म्हणजे मोठा पडदा आला. मोठा पडदा म्हणजे शाळेचा प्रोजेक्टर, आणि प्रोजेक्टर म्हणजे मुख्याध्यापक रहमतुल्ला सर. शुक्रवारी सकाळी मॅडम त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. रिओतल्या रविवारच्या दुपारी इथे सोमवारची सकाळ, म्हणजे सामना शाळेच्याच वेळेत, त्यामुळे त्यांनी रजाही मागितली. कारण खरं सांगितलं, कारण खोटं सांगायला त्या घाबरलेल्या नव्हत्या.

सर सज्जन होते, पण नियमाला चिकटून होते. "मॅडम, रजा आजारपणाला आहे, बाळंतपणाला आहे, मयताला आहे. फुटबॉलला नाही. जवळचं कोणी वारलं असतं तर..."

"ब्राझील वारलं की."

"ते जवळचं नाही. आणि प्रोजेक्टर फक्त शैक्षणिक कामासाठी."

मॅडम वर्गात गेल्या. तारीख लिहायला फळ्यावर खडू टेकवला. मग वळून शेवटच्या वर्गातल्या मोठ्या मुलींना म्हणाल्या, "पोरींनो, मोठ्या समारंभाचा अल्पोपाहार हे प्रात्यक्षिक आपलं राहिलंय ना? सोमवारी सकाळी. माझ्या घरी. प्रत्यक्ष समारंभात. गणवेशात या, ॲप्रन विसरू नका."

अभ्यासक्रमात ते प्रात्यक्षिक खरोखरच होतं. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि सही केली. प्रोजेक्टर शैक्षणिक झाला. मात्र "मी स्वतः तपासणीला येईन," हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं तो सूर परीक्षेच्या दिवसांतला होता.

मग मांडव. मागच्या अंगणात लग्नाचा पत्र्याचा मांडव उभा करायचं ठरलं. हरीलाल हिशेबनीस माणूस. गुरुवारपासून त्यांनी घरात फक्त उपयुक्त वाक्यंच बोलायची असं ठरवलं होतं, त्यातलं हे पहिलं: "अगं, पण सकाळी ऊन असतं. उजेडात प्रोजेक्टरचं चित्र दिसत नाही."

हे खरं निघालं. शनिवारी चाचणी घेतली तेव्हा पलंगपोसाच्या पडद्यावर धुतलेल्या पलंगपोसाखेरीज काहीही दिसेना. मग मांडव अंधारा करायला हवा. त्यावर सल्ले द्यायला गल्ली मोकळीच होती. लितियानं चटया आणल्या. देवळातल्या महाराजांनी पडदा पूर्वेला लावू नका, संकट येतं, असं सांगितलं, पण उपाय सांगितला नाही. एका म्हातारबाबांनी फायनल संध्याकाळी ठेवा असं सुचवलं. मांडववाल्यानं तर निळ्या ताडपत्रीनं चारी बाजू बंद केल्या, त्यामुळे आत सगळंच निळं दिसायला लागलं. पडदा निळा, भिंत निळी, हरीलाल निळे.

"बरं झालं," लितिया म्हणाली. "दोन्ही संघ अर्जेंटिनाचे दिसतील."

शेवटी ताडपत्रीवर गाद्या, गाद्यांवर चटया, भोकांवर बैठकीच्या खोलीतले पडदे, असा तो मांडव पूर्ण झाला. आत इतका अंधार आणि इतका उकाडा झाला की हरीलालांच्या मते त्यात केळी पिकली असती.

इतक्या बायका, म्हणजे जमाव. जमाव म्हणजे परवानगी. चौकीत आपिसाई टेबलामागे बसले होते. गुरुवारच्या हसण्याची लाज त्यांना वाटत असावी, कारण ते मॅडमना पाहून उभे राहिले. पण पेन हातात येताच पुन्हा सरकारी झाले.

"किती माणसं?"

"माणसं नाहीत, बायका."

"विषय काय?"

"मेस्सी."

आपिसाई रग्बीवाले. फुटबॉल हा अंगाला अंग लावायची भीती वाटणाऱ्यांचा खेळ आहे असं त्यांचं प्रामाणिक मत. "दीदी, विषय राजकीय असेल तर वरच्या कचेरीत पाठवावं लागतं. करमणूक असेल तर लाउडस्पीकर चालणार नाही. धार्मिक असेल तर दोन्ही कटकटी नाहीत." त्यांनी पेन वर धरलं. "हा मेस्सी, त्याला लोक हात जोडतात का?"

"जगभर जोडतात."

"मग झालं," म्हणत त्यांनी 'धार्मिक' लिहिलं.

त्या एका शब्दानं घोळ केला. चौकीबाहेरच्या फळ्यावर 'सुरुजमतीच्या घरी सोमवारी सकाळी धार्मिक कार्यक्रम' असं लागलं. ते रामायण मंडळाच्या बायकांनी वाचलं आणि आपल्याला कोणी बोलावलं नाही म्हणून त्या रुसल्या. रविवारी मॅडम त्यांची समजूत काढायला गेल्या. फुटबॉल आहे हो, फुटबॉल, असं सांगितलं तर मंडळाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "मग ढोलक आणायची की नाही?"

"आणा," मॅडम म्हणाल्या. आता मागे फिरायचं नव्हतंच.

त्याच संध्याकाळी कुंपणापलीकडून नायडूंनी आपल्या छपरावरच्या नव्या डिश अँटेनाकडे बोट दाखवलं. "वहिनी, तुमचं चित्र हलेल हो. जुनी काठी अँटेना ती. आमच्याकडे उपग्रहावरून थेट येतं. जर्मनांच्या म्यूलरच्या कपाळावरचा घाम मोजता येईल."

"मोजा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "आम्ही मॅच बघू."

रात्री अंथरुणात मात्र त्यांना धाकधूक झालीच. नुसती गंमत असती तर चाललं असतं. पण उद्या चित्र बंद पडलं, किंवा बायका कंटाळून उठून गेल्या, तर यापुढे गल्लीतल्या कुठल्याही बाईनं फुटबॉलबद्दल तोंड उघडलं की कोणीतरी म्हणणार, सुरुजमतीच्या मांडवाचं काय झालं आठवतंय ना? त्या विचारानं त्यांना जास्त राग आला, आणि रागानं छान झोप लागली.

सोमवारी उजाडता उजाडता मांडव भरला. चर्चच्या बायका, रामायणाच्या बायका, बाजारातल्या भाजीवाल्या, दोन नर्सेस, आणि मागच्या बाजूला गणवेशातल्या मुली कढईत 'बारा' नावाचे डाळीचे वडे तळत होत्या, चिंचेची चटणी वाटत होत्या, कसाव्याचे कंद उकडत होत्या. मॅडम पलंगपोसाशेजारी माइक घेऊन उभ्या राहिल्या.

"हे बघा, तो बुटका आहे ना, दहा नंबरचा. चार माणसं अंगावर असताना कामं उरकतो. आपल्यासारखाच. त्याच्यावर नजर ठेवा, बाकीचं मी सांगते."

एवढं प्रशिक्षण पुरेसं ठरलं. पहिल्याच धावेला ढोलक वाजली. आणि मग जर्मनांच्याच एका खेळाडूनं चुकून डोक्यानं चेंडू मागे दिला तो थेट हिग्वाइनच्या पुढ्यात. मोकळं मैदान, समोर नुसता गोलकीपर. हिग्वाइननं चेंडू बाहेर घातला.

"अर्रर्र! मेल्या!" सगळ्या मांडवानं एका सुरात म्हटलं.

आता इथे एक गोष्ट अशी झाली की जी कोणाच्याही लक्षात आधी आली नव्हती. उपग्रहावरून येणारं चित्र वर जातं, खाली येतं, डब्यात शिरतं, बाहेर पडतं. मॅडमच्या काठी अँटेनाचं चित्र आपलं सरळ चालत येतं. नायडूंच्या पडवीत हिग्वाइनच्या पायाशी अजून चेंडू आलाच नव्हता, तोच कुंपणापलीकडून 'मेल्या' ऐकू आलं. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हिग्वाइन धावला, मग चुकला.

"योगायोग," नायडू म्हणाले.

थोड्या वेळानं मांडवात शंख फुंकल्यासारखा जल्लोष झाला. हिग्वाइननं गोल केला होता. लगेच "ऑफसाइड! आंधळाय का तो?" असा आक्रोश झाला. पडवीत तोवर चेंडू मैदानाच्या मध्यावर होता. नायडूंच्या घरी तो गोल व्हायच्या आधीच रद्द झाला. शिक्षा आधी, गुन्हा नंतर, अशी मॅच बघणं पुरुषाच्या जातीला सोसेना. मध्यंतराला एक बसड्रायव्हर 'चहाचा वास येतोय' म्हणून उठला. त्याच्या मागे दुसरा. आपिसाई 'बंदोबस्त' म्हणून आले. हरीलाल त्यांच्याही आधी, रिकाम्या बशा गोळा करायच्या निमित्तानं मांडवाच्या कोपऱ्यात उभे होते, आणि बायकोनं पाहिलं की एखादी बशी उचलत होते.

रहमतुल्ला सर तपासणीला आले तेही तेव्हाच. त्यांनी कढई पाहिली, मुलींच्या टोप्या पाहिल्या, एक वडा चाखला, दुसरा पडताळणीसाठी खाल्ला. मग पडद्याकडे पाहून खुर्ची ओढली. "प्रात्यक्षिक कधी संपेल, मॅडम?"

"बरोबरी राहिली तर जादा वेळ, सर."

"नियमात बसतं," सर म्हणाले.

सामना खरंच जादा वेळेत गेला. पलीकडे नायडू एकटे उरले. अख्खा उपग्रह एकट्यासाठी, आणि ग्रॉग पुढे करायलाही कोणी नाही. पण माणूस हट्टी. घामाचे थेंब मोजत बसले.

आणि मग मांडव गप्प झाला. ढोलक थांबली, कढईतली चरचर तेवढी ऐकू येत राहिली. नायडूंच्या पडद्यावर अजून कोणी साधा फेकीचा चेंडू उचलत होतं. पण त्या शांततेचा अर्थ त्यांना बरोबर कळला. ते उठलेच. टीव्ही तसाच सोडून, चप्पल न घालता, कुंपणातल्या फटीतून ते धावत मांडवात शिरले. "कारखाना! मी म्हटलं नव्हतं? कारखाना!"

अंधारात त्यांना पडदा दिसला, पण पडद्याची दोरी दिसली नाही. दोरी पायात आली, पलंगपोस सळसळत खाली आला, आणि अर्जेंटिना, जर्मनी, रेफरी, रिओचं सगळं स्टेडियम नायडूंच्या पांढऱ्या शर्टावर येऊन पडलं.

"हलू नका!" मांडव ओरडला.

"अहो, पण मी..."

"नायडू, पोट आत घेऊ नका! मैदान लहान होतंय!"

शेवटची काही मिनिटं जगानं टीव्हीवर पाहिली, यलालेवूनं नायडूंच्या पोटावर पाहिली. मेस्सीला शेवटची फ्री किक मिळाली तेव्हा तो बरोबर चौथ्या बटणाशी उभा होता. बायकांनी हात जोडले. आपिसाईंनीही जोडले, शासकीय नोंद खोटी ठरू नये म्हणून असेल. रहमतुल्ला सर श्वास रोखून पुढे वाकले.

"काय चाललंय? मला सांगेल का कोणी?" दिव्याच्या झोतात डोळे मिटून नायडू विनवत होते.

चेंडू उडाला. छातीवरून गेला, खांद्यावरून गेला, आणि नायडूंच्या मागच्या काळोखात कुठेतरी नाहीसा झाला.

थोड्या वेळानं शिट्टी वाजली. जर्मनी जिंकली होती. लितिया डोळे पुसत होती. मुलींनी गॅस बंद केला. कोणी तरी ताडपत्री वर केली तसं ऊन आत आलं, आणि नायडू पडदेपणातून मोकळे झाले. त्यांनी शर्ट सारखा केला, घसा खाकरला.

"तर मंडळी, हरलात."

सुरुजमती मॅडम उठल्या. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता, तरी माइक त्यांनी बाजूला ठेवला. "अर्जेंटिना हरली. रडू आलंय, लपवत नाही. पण मी कुठे हरले? हिग्वाइनचं मी काय म्हटलं होतं?"

कोणी हसलं नाही. उलट एक बसड्रायव्हर म्हणाला, "ते बरोबर निघालं, मॅडम."

"ते सोडा," नायडू म्हणाले. "गोल बघा! गोल झाला तो अर्जेंटिनाच्या उजव्या बॅकमुळे. त्यानं बाजू मोकळी सोडली."

"चूक. तो बाजू अडवायलाच गेला होता. मधल्या बॅकनं आपल्या पाठीमागे कोण आलंय ते पाहिलंच नाही."

"अहो वहिनी, उजवा बॅक! मी खेळलोय, मला..." आणि नायडू थांबले.

मॅडम त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "नायडू, तुम्ही धावत आलात तेव्हा तुमच्या टीव्हीवर गोल झाला होता?"

नायडूंनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. त्यांचा संघ जगज्जेता झाला होता, आणि त्यांनी त्याचा गोलही पाहिला नव्हता, शेवटही पाहिला नव्हता. कोपऱ्यातून एक ठसका आला. हरीलालांच्या तोंडात या वेळी ग्रॉग नव्हता.

एक हसू मांडवभर फिरायच्या बेतात होतं. मॅडमनी हात वर करून ते थांबवलं. हसण्याची चव त्यांना माहीत होती.

"मॅडम," रहमतुल्ला सर घड्याळ बघत म्हणाले, "शाळा..."

"थांबा हो सर!" मॅडम आणि नायडू एकदमच म्हणाले.

मग नायडूंनी खुर्ची ओढली. पहिल्यांदा जरा लांब, मग खाण्याच्या टेबलाजवळ. आवाज खाली आणून म्हणाले, "मग... झाला कसा तो?"

मॅडमनी टेबलावरची बशी जवळ घेतली. उकडलेल्या कसाव्याचे तुकडे एकेक करून मांडले. हा डावीकडून पळणारा. हा त्याच्यावर गेलेला बॅक. हे मधले दोघं. हा नुकताच मैदानात आलेला पोरगा, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. चिंचेच्या चटणीचा थेंब म्हणजे चेंडू. चेंडू डावीकडून आला, पोरानं छातीवर घेतला, खाली पडू न देता मारला. बायका, बसड्रायव्हर, आपिसाई, सगळे टेबलावर वाकले होते.

"पण वहिनी, तो जर असा पुढे असता," नायडूंनी दोन बोटांनी कसाव्याचा एक तुकडा बॅकच्या पलीकडे सरकवला, "तर त्याला आणखी सोपं..."

मॅडमनी त्यांच्या हातावर चापट मारली. "डावीकडून चेंडू अजून सुटला नाही. हा ऑफसाइडला गेला. मागे घ्या."

नायडूंनी टेबलाकडे पाहिलं. मॅडमकडे पाहिलं. पुन्हा टेबलाकडे पाहिलं. आणि कसावा मागे घेतला.